सपाट तळव्यांना आजार ठरवणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

गेले काही आठवडे पालकांच्या ग्रुपमधून सपाट पायांबद्दलचा एक लांबलचक मेसेज फिरतोय. परवा तो ताईने मला पाठवला आणि खाली लिहिलं, "आजपासून याला घरातही बूट घालूनच ठेवते." हा म्हणजे माझा भाचा. वय साडेचार, दिवसभर उड्या मारतो, पायाची एकही तक्रार नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. असे धास्तावलेले आईवडील माझ्याकडे नेहमीच येतात, पण घरातलंच पोर विनाकारण बुटात कोंडलं जाणार म्हटल्यावर राहवेना.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. ओल्या पायाचा ठसा फरशीवर पूर्ण उमटला तर मुलाच्या पायात व्यंग आहे. सहा वर्षांच्या आत तळव्याची कमान, म्हणजे आतल्या कडेचा उचललेला भाग, 'बसवली' नाही तर ती कधीच तयार होत नाही. म्हणून दिवसभर कडक बूट आणि आर्च सपोर्ट (कमानीखाली ठेवायचा उंचवटा) घालायचे, अनवाणी अजिबात चालायचं नाही. टाचदुखी, कुरूप, टाचांच्या भेगा, रुतणारं नख, अंगठ्याचं वाढलेलं हाड, गुडघे, कंबर, मान, सगळ्याचं मूळ सपाट पायात. उपाय म्हणजे चुंबकीय इनसोल, बुटात तळव्याखाली ठेवायची चुंबकांची गादी. आणि सगळ्यात भयंकर ओळ ही: "पहिले तीन महिने दुखेल, ते कमान तयार होत असल्याचं लक्षण आहे, इनसोल काढू नका. मधुमेहींनी तर जरूर वापरावेत."

आधी ठशाचं बघू. तान्ह्या मुलाच्या तळव्यात कमानीच्या जागी चरबीची गादी असते आणि सांध्यांचे बंध सैल असतात. उभं राहिलं की पाय सपाट दिसणारच. कमान पहिल्या दहाएक वर्षांत हळूहळू वर येते. ऑस्ट्रियात ३ ते ६ वर्षांच्या ८३५ मुलांचे पाय तपासले होते, २००६ साली तो अभ्यास छापून आला. तीन वर्षांच्या मुलांमध्ये ५४ टक्के पाय सपाट, सहा वर्षांच्या मुलांमध्ये २४ टक्के. खरोखर दोष असलेले पाय १ टक्क्याहूनही कमी. तरीही त्यातली १० टक्के मुलं आधीच आर्च सपोर्ट घालून फिरत होती. म्हणजे निम्म्याहून जास्त तीन वर्षांच्या मुलांना हा मेसेज व्यंग असलेली ठरवतो.

ठशापेक्षा कितीतरी उपयोगाची तपासणी घरी करता येते. मी ताईला व्हिडिओ कॉलवर करायला लावली. पोराला अनवाणी उभं करायचं आणि मागून बघायचं. नुसतं उभं असताना त्याच्या टाचा किंचित बाहेर कललेल्या होत्या आणि तळव्याची आतली कड फरशीला टेकलेली होती. मग त्याला चवड्यांवर उभं केलं. टाचा आत वळल्या आणि तळव्याखाली चांगली बोट जाईल एवढी कमान उभी राहिली. दुसरी खूण म्हणजे उभं असतानाच पायाचा अंगठा हाताने वर उचलायचा. तळव्याखालचा जाड पट्टा ताणला जातो, टाच आणि चवडा जवळ ओढले जातात आणि कमान वर येते. हा लवचिक सपाट पाय. दुखत नसेल तर त्यावर काहीही करायची गरज नाही.

आता बूट. हा दावा तपासून झाल्याला तीन दशकांहून जास्त काळ लोटलाय आणि तरीही तो नव्या शोधासारखा फिरतो, याचा मला मनापासून राग येतो. अमेरिकेतले मुलांचे अस्थिरोगतज्ज्ञ डेनिस वेंगर आणि सहकाऱ्यांनी लवचिक सपाट पाय असलेल्या १२९ मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गट केले. एकाला खास ऑर्थोपेडिक बूट, दुसऱ्याला टाचेचा कप, तिसऱ्याला पायाच्या मापाचा साच्यातला प्लॅस्टिक इनसोल, आणि चौथ्या गटाला काहीच नाही. किमान तीन वर्षं उपचार चालले, शेवटपर्यंत ९८ मुलं टिकली. एक्स-रेवर मोजलं तेव्हा चारही गटांचे पाय सुधारले होते आणि गटागटांत फरक नव्हता. १९८९ सालचा हा अभ्यास. पुढच्या सगळ्या गोंधळाचा उलगडा यातच आहे. बूट घातले नसते तरी कमान येणारच होती. ती आली की श्रेय बुटाला मिळतं, आणि ती आई मग शेजारणीलाही तेच बूट घ्यायला सांगते. ती खोटं बोलत नसते, पण तिच्या मुलाच्या पायाने बुटाशिवाय काय केलं असतं हे तिला बघायला मिळालेलंच नसतं. चौथ्या गटातल्या मुलांनी नेमकं तेच दाखवलं.

शिवाय या बुटांचा त्रास उरतोच. लहानपणी असे बूट घालावे लागलेल्या मोठ्या माणसांना १९९८च्या एका अभ्यासात विचारलं, तेव्हा त्यांनी तो अनुभव वाईट म्हणून सांगितला आणि त्यांची स्वतःबद्दलची भावनाही इतरांपेक्षा खालावलेली आढळली. कारण नसताना लेकराला 'तुझ्यात खोट आहे' असं रोज सकाळी पायात घालून सांगायचं कशाला?

अनवाणी चालण्याबद्दल तर मेसेज उलटंच सांगतो. भारतातल्या दोन अस्थिरोगतज्ज्ञांनी ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांचे ठसे तपासले आणि १९९२ साली निष्कर्ष छापले. पादत्राणं घालणाऱ्या मुलांत सपाट पायांचं प्रमाण ८.६ टक्के, न घालणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बुटांमध्ये ते सँडल आणि चपलांपेक्षा जास्त होतं. यावरून बुटांनीच पाय सपाट होतात असं ठामपणे म्हणता येणार नाही. पण अनवाणी चालल्याने कमान जाते, या म्हणण्याला यात कुठेच आधार नाही. घरात, मऊ मातीत, गवतावर पोराला खुशाल अनवाणी हुंदडू द्या.

आता त्या ओळीकडे येते जिच्यामुळे हे लिहायला बसले. "दुखणं म्हणजे कमान तयार होत असल्याचं लक्षण." हे धादांत खोटं आहे आणि यातून माणसाचा पाय जाऊ शकतो.

लहान मुलाचा सपाट पाय दुखत असेल, तो ताठ असेल, चवड्यांवर उभं राहूनही कमान येत नसेल, घोटा वारंवार मुरगळत असेल, तर टाचेजवळची दोन हाडं जन्मतःच जोडलेली असण्याची शक्यता असते. हे साधारण ८ ते १६ वर्षांच्या वयात त्रास देऊ लागतं. त्याला एक्स-रे लागतो, कधी सीटी स्कॅन लागतो. अशा पोराला तीन महिने 'सहन कर' म्हणणं ही क्रूरता आहे.

मोठ्या माणसाचा एकच पाय हळूहळू सपाट होऊ लागला, तर ती गोष्ट जन्मापासूनच्या सपाट पायापेक्षा पूर्ण वेगळी असते. पोटरीतून निघून घोट्याच्या आतल्या हाडामागून तळव्याखाली जाणारं एक टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) कमान पेलून धरतं. ते झिजलं किंवा ताणलं गेलं की कमान खचते. घोट्याच्या आतल्या बाजूला सूज येते, दुखतं, आणि त्या एका पायाच्या चवड्यावर उभं राहून टाच उचलता येत नाही. चाळिशीनंतरच्या बायकांमध्ये, वजन जास्त असलेल्यांमध्ये आणि मधुमेहींमध्ये हे जास्त दिसतं. लवकर कळलं तर आधार देणारा ब्रेस आणि नेमके व्यायाम यांवर बऱ्याचदा भागतं. उशीर झाला तर पाय त्या वाकड्या आकारातच ताठ होतो आणि शस्त्रक्रियेवर गोष्ट जाते. मेसेजमधले तीन महिने म्हणजे हाताशी असलेला वेळ घालवणं.

आणि मधुमेही? ज्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना दुखत नाही हीच खरी अडचण. त्यांच्या पायात कमानीखाली कडक उंचवटा ठेवून दिला तर फोड येईल, फुटेल, जखम होईल, त्यात जंतू शिरतील, आणि मोजा काढताना डाग दिसेपर्यंत त्यांना पत्ता लागणार नाही. त्यांचा एक पाय अचानक सुजला, लाल झाला, कमान खचल्यासारखी वाटली, तर हाताची उलटी बाजू आधी एका पायाला आणि मग दुसऱ्याला लावून बघा. सुजलेला पाय स्पष्ट गरम लागला, तर आत हाडं ठिसूळ होऊन कोसळत असू शकतात. याला शारको फूट म्हणतात. वेदना फारशी नसते, म्हणून माणूस त्याच पायावर चालत राहतो आणि प्रत्येक पावलागणिक मोडतोड वाढते. पुष्कळदा याला मुरगळणं किंवा जंतुसंसर्ग समजलं जातं. त्या पायावर भार टाकणं ताबडतोब थांबवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. त्या पायाला प्लास्टर लागतं, आणि त्यावर चुंबकीय इनसोलचा सल्ला देणाऱ्याने कुणाच्या तरी पायाची जबाबदारी घेतलेली असते.

चुंबकाबद्दल जास्त लिहीत नाही. टाचदुखीच्या १०१ रुग्णांवर चाचणी झाली, २००३ साली छापली गेली. खरं चुंबक आणि नकली चुंबक, दोन्ही इनसोलचा परिणाम सारखाच निघाला.

आजारांची ती यादीही झटपट उरकते. कुरूप बुटाच्या घासण्यादाबण्याने होतं. टाचांच्या भेगा कोरड्या त्वचेच्या असतात. नख मांसात रुततं ते बहुतेकदा कोपरे खोल कापल्यामुळे किंवा बूट घट्ट असल्यामुळे. अंगठ्याच्या वाढलेल्या हाडात घराण्याचा आणि निमुळत्या बुटांचा वाटा मोठा. सकाळी पहिलं पाऊल टेकताना टाचेत निघणारी कळ उंच कमानीच्या लोकांनाही येते, आणि तिथे आखडलेली पोटरी, वाढलेलं वजन, तासन्‌तास उभं राहणं हे आधी बघावं लागतं. 'पाया वाकडा तर इमारत वाकडी' हे मेसेजमधलं वाक्य ऐकायला पटतं, पण इमारतीचा पाया हलत नाही. पायात २६ हाडं असतात आणि तो प्रत्येक पावलाला सैल होतो, पुन्हा घट्ट होतो. मानदुखीपर्यंत धागा नेणाऱ्यांकडे तो सिद्ध करणारं काही नाही.

एक अर्धसत्य मात्र मान्य करावं लागेल. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम इथल्या वयस्कर लोकांच्या अभ्यासात सर्वांत सपाट पाय असलेल्यांमध्ये गुडघेदुखी आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूची कूर्चाची झीज थोडी जास्त आढळली. थोडीच, आणि त्यातून कारण सिद्ध होत नाही. तसंच काही सपाट पायांची माणसं दिवसभर उभी राहिली की तळवे आणि पोटऱ्या खरंच भरून येतात. त्यांना साध्या तयार इनसोलने आराम पडत असेल तर जरूर वापरावेत. घातलेत तोवर आराम, इतकाच त्यांचा उपयोग. न दुखणाऱ्या मुलांच्या पायांसाठी महागडे मापाचे इनसोल घ्यायला पुरावा आधार देत नाही, असंच अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२२च्या कॉक्रेन आढाव्यातूनही निघतं.

'अशा मुलांना खेळात आणि सैन्यात भवितव्य नाही' हा मेसेजचा शेवटचा घाव. १९९३ साली अमेरिकी पायदळाच्या २४६ प्रशिक्षणार्थींचा अभ्यास छापून आला, त्यात सर्वांत सपाट पायांच्या गटाला दुखापती कमी झाल्या आणि उंच कमानीच्या पायांना जास्त. त्याच्या कितीतरी आधी, १९४७ साली, हॅरिस आणि बीथ यांनी कॅनडाच्या ३,६००हून अधिक सैनिकांचे पाय तपासून हेच सांगितलं होतं की लवचिक सपाट पाय अडचणीचा नसतो. त्रास देणारा सपाट पाय त्यांना वेगळा सापडला: ज्याचं टाचेमागचं टेंडन आखूड असतं तो. तेव्हा मुलाच्या पायात काही बघायचंच असेल तर हे बघा. त्याला पाय लांब करून बसवा, गुडघा सरळ राहू द्या, टाच हातात धरून आत-बाहेर कलू न देता पाऊल नडगीकडे वर ढकला. काटकोनाच्या पुढे सहज गेलं तर ठीक. काटकोनापर्यंतही येत नसेल, तर तो पाय नक्की दाखवून घ्या.