इन्स्टाग्राम जन्मायच्या आधीच गेलेली मासिकं

"इन्स्टाग्राम, पिंटरेस्ट आलं आणि घरसजावटीची मासिकं संपली. वाचकांनीच ती टाकली, कारण तेच सगळं मोबाइलवर फुकट मिळतं." असा मजकूर सारखा फिरत असतो. उदाहरणं अमेरिकेतल्या मासिकांची असतात, म्हणून तिथल्याच तारखा पाहू.

'हाउस अँड गार्डन' हे १९०१चं मासिक. शेवटचा अंक डिसेंबर २००७चा. 'कॉटेज लिव्हिंग' २००८मध्ये गेलं. 'डोमिनो', 'कंट्री होम', 'सदर्न ॲक्सेंट्स', 'मेट्रोपॉलिटन होम' ही चारही २००९मध्ये. पिंटरेस्ट आणि इन्स्टाग्राम लोकांसमोर आली २०१०मध्ये. ब्लॉग तेव्हा होते, हे मान्य. पण जे जन्मालाच आलं नव्हतं त्याच्यावर आळ कसा घ्यायचा?

खरा घाव बसला तो जाहिरातींवर. नुसत्या वर्गणीवर ही मासिकं चालत नव्हती. सोफे, फरश्या, नळ, पडदे विकणाऱ्यांच्या पानांवर खर्च भागायचा. २००६नंतर तिथे घरांच्या किमती घसरू लागल्या, २००८मध्ये लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडाली. नवं घरच कुणी घेईना, तर नवा नळ कोण बसवणार? जाहिराती आटल्या आणि अंक बारीक होत गेले.

वाचकांनी टाकलं म्हणावं, तर 'डोमिनो'तून बाहेर पडलेल्यांनी २००९मध्येच 'लॉनी' हे ऑनलाइन मासिक काढलं, आणि २०१३मध्ये खुद्द 'डोमिनो' पुन्हा छापून आलं. वाचकच नसते तर हे कुणासाठी केलं?

"श्रीमंतांचे चोचले होते" असंही जोडलेलं असतं. 'आर्किटेक्चरल डायजेस्ट'पुरतं ते खरं आहे. पण १९२२मध्ये आयोवातल्या डे मॉइनहून निघालेलं 'बेटर होम्स अँड गार्डन्स' मध्यमवर्गाचंच होतं.

एका ठिकाणी मात्र मोबाइलचा हात मान्य करायला हवा: फर्निचर विकणाऱ्या आयकिया कंपनीचा कॅटलॉग. २०१६मध्ये त्याच्या २० कोटी प्रती निघाल्या होत्या. डिसेंबर २०२०मध्ये कंपनीने तो बंद करत असल्याचं सांगितलं. पण कॅटलॉगची जागा वेबसाइट घेऊ शकते, कारण माप आणि किंमत तिथेही असते.

"तेच सगळं मोबाइलवर मिळतं" हे मात्र मला अजिबात पटत नाही. मी घरांच्या आतली कामं करते. मागे एका ताईंनी मिस्त्रींना रीलमधलं स्वयंपाकघर दाखवलं. पांढरे दरवाजे, पितळी मुठी, वर टांगलेला दिवा. मिस्त्रींनी टेप काढली. "ओट्याची रुंदी किती धरू, ताई? आणि सिलिंडर कुठं?" ताईंनी रील तीनदा पुन्हा लावली. एकही दरवाजा त्यात उघडत नव्हता.

फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून घेतलेला 'हाउस ब्यूटिफुल'चा एक जुना अंक माझ्याकडे आहे. त्यात एकच घर कितीतरी पानं चालतं: दारातून आत, जेवणाच्या टेबलापर्यंत, मग खिडकीशी. पडद्याचं कापड कुणाचं, ते चित्राखाली. दुकानांचे पत्ते शेवटी. कुणीतरी त्या घरात दिवसभर उभं राहून, उजेड बघून, ते घर समजून घेतलेलं आहे. मी तो अंक ताईंसमोर ठेवला. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत, मग मिस्त्रींना म्हणाल्या, "आधी सिलिंडरची उंची मोजा."