गडाला सुशोभीकरण नको, डागडुजी हवी

तुर्कस्तानात अंतल्या शहराजवळच्या डोंगरात तेर्मेसोस नावाचं एक प्राचीन नगर आहे, हजार मीटरहून जास्त उंचीवर. सहलीतला एक अख्खा दिवस आम्ही त्याच्यासाठी ठेवला होता. तिथून आल्यापासून एक विषय डोक्यातून जात नाहीये, आणि तो खेड-दापोलीकडच्या आपल्या माणसांपुढे मांडल्याशिवाय मला राहवणार नाही. पोस्ट लांब आहे, पण पूर्ण वाचा.

बस हमरस्त्यावर सोडते. तिथून वाहनतळापर्यंत नऊ किलोमीटर चढाचा रस्ता आहे, तो आम्ही टॅक्सीने गेलो. पुढे पायीच. झाडीतून वाट चढते आणि दोन्ही बाजूंना दगड दिसू लागतात: घडीव, कोरीव, आडवेतिडवे पडलेले. इसवी सन पूर्व ३३३ मध्ये सिकंदर या नगरापर्यंत आला होता, पण ते न घेताच पुढे निघून गेला. ती खिंड आणि त्यावरची तटबंदी पाहिली की कारण विचारावं लागत नाही. आपल्याकडे सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला तर मुळीच नाही.

सिकंदर गेल्यावर काही वर्षांनी त्याचाच एक सरदार, अल्केतास, लढाई हरून इथे आश्रयाला आला. नगरातली वडीलधारी मंडळी त्याला शत्रूच्या हवाली करायला निघाली, तेव्हा त्याने स्वतःचा जीव घेतला. तरुणांनी मात्र त्याच्यावर मानाने अंत्यसंस्कार केले. त्याची म्हणून दाखवतात ती कबर कड्यात खोदलेली आहे आणि तिच्यावर घोडेस्वार कोरलेला आहे. मी तिथे बराच वेळ उभी होते.

सुमारे चार हजार माणसं बसतील असं रंगमंदिर आहे. पायऱ्यांच्या काही ओळी सरकल्यात, काही ठिकाणी दगडांचा नुसता ढीग आहे. समोर दरी. कुणी तिथे नवा दगड बसवलेला नाही, रंग दिलेला नाही. दफनभूमीत शेकडो दगडी शवपेट्या उतारावर कलंडलेल्या आहेत. एकीचं झाकण बाजूला घसरलं होतं, कडेवर ढाल कोरलेली होती आणि ढालीच्या अर्ध्या भागावर दगडफूल धरलेलं. छिन्नीची रेघ अजून बोटाला लागत होती. नवं काही लादलेलं नसल्यामुळेच त्या कोरणाऱ्याचा हात आपल्यापर्यंत पोचतो. आणि नगराच्या मधोमध जमिनीखाली एकमेकांना जोडलेली मोठमोठी पाण्याची टाकी! ती पाहून मला आपल्या खेड तालुक्यातला रसाळगडच आठवला.

आता मुद्द्यावर येते. २०२५ मध्ये बारा मराठा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यात रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे आपल्या कोकणातले. ऊर अभिमानाने भरून आला. पण यादीबाहेरच्या गडांकडेही आता निधी वळेल आणि त्याच्यामागून ‘सुशोभीकरण’ येईल, याची मला मनापासून भीती वाटते. पेव्हर ब्लॉक, स्टीलचे कठडे, रंगीत दिवे, फोटो काढायची कमान. एका गडावर, नाव घेत नाही, टाक्याच्या काठाला सिमेंटचा गिलावा केलेला मी पाहिलाय. दुसऱ्याच पावसाळ्यानंतर तो पापुद्र्यासारखा सुटला होता, आणि सुटताना खालचा जांभाही सोलून घेऊन गेला होता.

हे होणारच होतं. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि सोडतो. सांध्यांत भरलेला चुना ते पाणी बाहेर जाऊ देतो. सिमेंट ते आत कोंडतं आणि मग दगडच झिजतो. आपल्या जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होतं. घाण्यात मळलेला चुना, त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर, अशी मिश्रणं उगाच नव्हती. हे काम जाणणारे कारागीर आजही सापडतात. शोधावे लागतात, एवढंच.

म्हणजे तेर्मेसोससारखं सगळं जसंच्या तसं सोडून द्यायचं का? नाही. तिथला उन्हाळा कोरडा असतो. आपल्याकडे चार महिने आभाळ फाटतं आणि बुरुजाच्या फटीत पडलेलं पिंपळाचं बी बघता बघता मुळं रोवतं. रोप वीतभर असतानाच उपटलं तर काम सोपं. झाड मोठं झाल्यावर ओढून काढलं तर मुळांबरोबर चिरे येतात. म्हणून गडाला एकदाच मोठा खर्च नको, दरवर्षी दिवाळीच्या आसपास लक्ष हवं. झाडोरा काढा, पाणी वाहून जायच्या वाटा मोकळ्या करा, ढासळणारा भाग चुन्यात सावरा. कोसळलेला दगड जिथे पडलाय तिथेच नोंद करून ठेवा. आणि माहितीचा फलक लावायचाच असेल तर तो भिंतीला खिळे ठोकून लावू नका.

टाक्यांचं तेवढं जपून. गाळ म्हणजे कचरा नव्हे, त्यात खापरं, नाणी, तोफगोळे असू शकतात. फावडी घेऊन उत्साहाने उतरणाऱ्या आमच्या पोरांचं मला कौतुक आहे, पण संरक्षित गडावर पुरातत्त्व विभागाची परवानगी आणि त्यांचा माणूस हजर असल्याशिवाय गाळाला हात लावू नये.

तुमच्या गावच्या गडाचं काम निघालं असेल तर ग्रामसभेत अंदाजपत्रक मागा. त्यात चुना किती आणि सिमेंट किती, हा पहिला प्रश्न विचारा. उत्तर मिळालं की इथे कॉमेंटमध्ये लिहा, खेड तालुक्यातल्या गडांची माहिती मी एकत्र करायला घेतली आहे.