इंजिनचा नंबर वेगळा, म्हणून गाडी खोटी?

कोल्हापूरच्या मामेभावाचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली आणि मग जरा चाचरत त्याने विचारलं, "दादा, तुझ्या डुकाटीचा इंजिन नंबर आणि चेसी नंबर एकच आहे ना?" मी म्हटलं, नाही बाबा, वेगळे आहेत. पलीकडे शांतता. मग आवाज खाली आणून, "म्हणजे तुला तिकडे कुणी गंडवलं की काय?"

त्याच्या काळजीचं मूळ दहा मिनिटांनी माझ्या फोनवर आलं. "अस्सल जुनी इटालियन बाइक पाच मिनिटांत ओळखा" असा तो मेसेज, बऱ्याच ग्रुपमधून फिरून आलेला. त्यातले दावे थोडक्यात असे: इंजिन आणि चेसीचा नंबर एकच हवा, नाहीतर गाडी जोडकामाची. कार्ब्युरेटर, मीटर, ब्रेक सगळे इटालियनच हवेत. रंग लाल हवा. इटलीतल्या क्लबचं सर्टिफिकेट असलं की डोळे मिटून घ्या. आणि शेवटचा, नव्यासारखी चकाचक गाडी सगळ्यांत अस्सल.

मी नोकरीमुळे इटलीत बोलोन्याजवळ राहतो आणि माझ्याकडे १९७३ ची डुकाटी ७५० जीटी आहे. तज्ज्ञ म्हणवून घेण्याइतका मी मोठा नाही, पण ही गाडी घेताना वर्षभर जे पाहिलं, विचारलं आणि एकदा फसता फसता वाचलो, तेवढ्यावरून सांगतो की हा मेसेज वाचून कुणी गाडी घेतली तर खरी सोडून खोटीच घेईल.

पहिला दावा नंबरांचा, आणि तोच सगळ्यांत घातक, कारण तो ऐकायला पटतो. आपल्याकडे जुन्या बुलेट आणि जावाच्या जगात दोन्हीकडे एकच नंबर असणं ही मिरवायची गोष्ट आहे. 'मॅचिंग नंबर' हा शब्द तिथूनच आपल्या तोंडी बसलाय. पण तो नियम त्या त्या कारखान्याचा. बोलोन्यातल्या बोर्गो पानिगालेच्या डुकाटी कारखान्यात सत्तरच्या दशकातल्या या व्ही-ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरच्या, गाड्यांच्या इंजिनांची नंबरमालिका वेगळी आणि फ्रेमची, म्हणजे चेसीची, वेगळी. जुळणीच्या वेळी जे इंजिन हाताशी आलं ते समोरच्या फ्रेममध्ये बसलं. त्यामुळे दोन्ही नंबर एकमेकांच्या आसपासचे असतात, पण तंतोतंत एक नसतात.

आता गंमत बघा. त्याच इटलीत, त्याच काळात, ब्रेगांत्से गावच्या लावेर्दा कारखान्यातून ७५० ट्विन गाड्या इंजिन आणि फ्रेमवर एकच नंबर घेऊन बाहेर पडत. म्हणजे त्यातलीच शर्यतीची लावेर्दा एसएफसी विकणारा दोन वेगळे नंबर दाखवू लागला तर कान टवकारायचे, आणि डुकाटीवाला एकच नंबर दाखवू लागला तरीही कान टवकारायचे. 'इटालियन गाडी' नावाचा एकच प्राणी आहे असं समजून केलेला नियम इथेच पहिल्या पायरीवर घसरतो.

हे मी शहाणपणाने नाही, जवळजवळ ठेच खाऊन शिकलो. सुरुवातीला एक गाडी बघायला गेलो होतो. विकणाऱ्याने अगदी अभिमानाने टॉर्च मारून दोन्ही नंबर दाखवले. आकडा न आकडा सारखा. मी कोल्हापुरी संस्कारातला माणूस, मला वाटलं लॉटरी लागली. विसार द्यायची तयारी झाली होती. नशीब, सोबत एक म्हातारा मेकॅनिक होता. त्याने टॉर्च माझ्या हातातून घेतला, समोरून न मारता इंजिनाच्या केसिंगला चिकटवून आडवा धरला आणि हसला. सरळ उजेडात गुळगुळीत दिसणारी जागा तिरक्या उजेडात खोलगट दिसत होती, जणू कुणी वाटीच्या बुडाने दाबली असावी. आजूबाजूला ओतकामाचा खरखरीतपणा आणि नंबराखाली मात्र पॉलिश पेपरचे बारीक ओरखडे. जुना नंबर घासून नवा ठोकला होता. अशाच एखाद्या मेसेजवर विश्वास ठेवणाऱ्या गिऱ्हाईकासाठी कुणीतरी नंबर 'जुळवून' दिले होते. दोन नंबर योगायोगाने एक येणं अशक्य नाही, पण डुकाटीत तो योगायोग सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्यावर येते.

घासलेला नंबर पूर्ण पुसला जात नाही, हेही तेव्हाच कळलं. पंच ठोकताना आकड्याखालचा धातू दाबला जातो आणि हा दाब आकड्याच्या खोलीपेक्षा खालपर्यंत जातो. वरचा थर घासला तरी खाली दाबलेला धातू राहतो आणि योग्य रसायन लावलं की तो आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळ्या गतीने झिजतो. जुना आकडा भुतासारखा वर येतो. हे काम प्रयोगशाळेतलं, घरी ॲसिड घेऊन बसू नका. पण तिरका टॉर्च फुकट आहे.

नंबरांचा खरा उपयोग कुठे होतो, ते १९७४ च्या ७५० सुपर स्पोर्टवर, म्हणजे एसएसवर, कळतं. ही डुकाटीची देवघरातली गाडी. २३ एप्रिल १९७२ ला इमोला २०० शर्यतीत पॉल स्मार्ट पहिला आणि ब्रुनो स्पाज्जारी दुसरा आला, दोघेही डुकाटीचा अभियंता फाबिओ ताल्योनीच्या ७५० वर, आणि समोर प्रतिस्पर्धी एमव्ही आगुस्तावर साक्षात जगज्जेता आगोस्तिनी. त्या विजयाची रस्त्यावरची आवृत्ती म्हणजे ही एसएस. फ्रेम निळसर हिरवी, म्हणून तिला सगळे 'हिरवी फ्रेम'च म्हणतात. बनल्या ४०१, असा आकडा सर्वमान्य आहे. नंबरांची मालिका स्वतंत्र, ०७५००१ पासून सुरू. त्यामुळे इथे नंबर 'जुळतो का' हा प्रश्नच नाही. तो त्या छोट्या मालिकेत बसतो का आणि इंजिन आणि फ्रेमच्या नंबरांतलं अंतर पटण्यासारखं आहे का, हे बघायचं.

आणि मालिकेत बसला तरी काम संपत नाही, कारण डुकाटीच्याच ७५० जीटी किंवा ७५० स्पोर्ट या साध्या मॉडेलांवरून 'एसएस' बनवणारे हुशार हात जगभर आहेत. जीटी आणि स्पोर्टच्या व्हॉल्व्हना स्प्रिंगा असतात. एसएसमध्ये डेस्मो, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा एक रॉकर आणि बंद करणारा दुसरा. झाकण काढून हे दिसतं, पण डेस्मो हेड दुसऱ्या इंजिनावर बसवता येतात. पिस्टनला क्रँकशी जोडणारे कनेक्टिंग रॉड मात्र एसएसमध्ये धातूच्या सलग ठोकळ्यातून कोरून काढलेले होते आणि ते बघायचे तर इंजिन उघडावं लागतं. ४० मिलिमीटरचे डेलोर्टो कार्ब्युरेटर तर आज कुणीही विकत घेऊन लावू शकतो. पाच मिनिटांत ओळखा म्हणे!

दुसरा दावा, सगळे भाग इटालियन हवेत. माझ्या जीटीच्या वंशावळीतच हा दावा मोडतो. सुरुवातीच्या ७५० जीटी कारखान्यातूनच अमल कार्ब्युरेटर घेऊन आल्या, म्हणजे ब्रिटिश नावाचे. नंतर इटालियन डेलोर्टो आले. मीटर कधी ब्रिटिश स्मिथ्सचे, कधी इटालियन वेल्याचे. पुढचा डिस्कब्रेक आधी ब्रिटिश लॉकहीडचा, मग इटालियन स्काराबचा. पुरवठादार, किंमत, संप, देशोदेशीचे आयातदार, यातल्या कशानेही भाग बदलत. शुद्ध इटालियन भागांनी मढवलेली १९७२ ची जीटी दिसली तर ती कुणीतरी प्रेमाने 'सुधारली' असण्याची शक्यता जास्त.

टाकीचंही तसंच. एसएसची फायबरग्लासची टाकी प्रसिद्ध आहे, बाजूला पेट्रोल किती उरलं ते दिसावं म्हणून एक पारदर्शक पट्टी सोडलेली. पण ब्रिटनमध्ये तेव्हा फायबरच्या टाक्यांवर बंदी होती, म्हणून तिकडे गेलेल्या गाड्यांना पत्र्याच्या टाक्या होत्या. तिथल्या एसएसवर पत्र्याची टाकी दिसली म्हणून नाक मुरडणारा माणूस खऱ्या गाडीला नाकारतोय. उलट मूळ फायबर टाकी असेल तर मालकाला वेगळंच दुखणं. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रेझिनला फुगवतं, विरघळवतं आणि तो चिकट गाळ कार्ब्युरेटरमध्ये जाऊन बसतो. इकडे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आपल्याकडे वीस. म्हणून बरेच मालक मूळ टाकी कपाटावर ठेवतात आणि चालवायला दुसरी लावतात. अशी गाडी 'मूळ नाही' म्हणायची का? मी तरी म्हणणार नाही, फक्त कपाटावरची टाकी बघायला मागेन.

लाल रंगाबद्दल फार बोलायला नको. एसएस रुपेरी, तिची फ्रेम हिरवी. १९७३ ची ७५० स्पोर्ट पिवळी. लावेर्दा एसएफसी नारिंगी. इटलीच्याच मोटो गुझी कंपनीच्या व्ही७ स्पोर्टच्या पहिल्या तुकडीत टाकी हिरवी आणि लाल होती ती फ्रेम. लाल रंग म्हणजे इटली हे आपल्या डोक्यात मोटारींनी आणि नव्या डुकाट्यांनी भरवलंय. जाता जाता एक सांगतो: २००६ च्या सुमारास डुकाटीनेच पॉल स्मार्टच्या नावाने रुपेरी रंगाची, हिरव्या फ्रेमची आधुनिक गाडी काढली, २,००० नग. फोटो टाकून "१९७४ ची हिरवी फ्रेम बघा" म्हणणाऱ्यांनी एकदा तिचं इंजिन बघावं.

सर्टिफिकेटचा दावा अर्धा खरा आहे आणि अर्धं खरं जास्त फसवतं. इटलीत दोन मोठ्या संस्था ऐतिहासिक मोटरसायकलींची नोंद ठेवतात, एफएमआय म्हणजे मोटरसायकल महासंघ आणि एएसआय म्हणजे जुन्या वाहनांच्या क्लबांची शिखर संस्था. पण सर्टिफिकेटांचे प्रकार आहेत. 'ऐतिहासिक महत्त्वाचं' सर्टिफिकेट हे मुख्यतः कर आणि नोंदणीच्या सोयीसाठी, फोटो आणि कागदांवरून मिळतं. एएसआयचं 'ओळखपत्र' वेगळं. त्यासाठी तपासणारे प्रत्यक्ष गाडीसमोर उभे राहतात. विकणारा पहिलं दाखवतो आणि दुसऱ्याच्या भावात विकतो, हे इथे रोजचं आहे. शिवाय कुठल्याही सर्टिफिकेटसाठी कुणी इंजिन खोलून रॉड बघत नाही.

मी सर्टिफिकेटआधी वेगळाच कागद मागतो. इटलीच्या सार्वजनिक वाहन नोंदणीतून गाडीचा कालक्रमानुसार उतारा काढता येतो. आपला फेरफार उतारा असतो ना जमिनीचा, अगदी तसाच: पहिली नोंद कधी, कुठल्या प्रांतात, मग कुणाकडून कुणाकडे. माझ्या गाडीचा उतारा वाचताना तिच्या आयुष्यात दहा वर्षांची एक पोकळी दिसली. आधीच्या मालकाला विचारलं, तर ती तेवढी वर्षं त्याच्या काकांच्या गोठ्यात गवताखाली होती. खोटं सांगणारा इतकं साधं कारण सांगत नाही, असं मला वाटलं. गाडीच्या मडगार्डच्या आतून निघालेल्या गवताने त्याला दुजोरा दिला.

भारताचंही सांगतो, कारण मामेभावाचा पुढचा प्रश्न तोच होता. २०२१ पासून आपल्याकडे ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. गाडी मूळ रूपात असावी, चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला नसावा अशी अट आहे. इंजिन आणि चेसीचा आकडा एकमेकांसारखा असावा असं त्या नियमातही नाही.

राहिला चकाचक गाडीचा दावा. इटालियन लोक 'जपलेली' आणि 'नव्याने केलेली' असे दोन स्वतंत्र शब्द वापरतात आणि जपलेल्या गाडीचं नाव घेताना त्यांचा आवाज बदलतो. कारण रंगाखाली कारखाना असतो. आणि त्या काळचा कारखाना चकाचक नव्हताच. अमेरिकेतल्या 'सायकल' मासिकाकडे चाचणीला आलेल्या ७५० एसएसच्या टाकीत, फायबरग्लासच्या थरात, एक माशी अडकलेली होती. इंजिनात देवदूत आणि रंगकामात माशी, अशी ती गाडी. आज पन्नास वर्षांनी कुणी दाखवली आणि आरशासारखी झळाळत असली, तर तो झळाळ कुणी, कधी आणि काय झाकून आणला हे विचारायला लाजायचं नाही.

मामेभावाला हे सगळं फोनवर सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि मग खरी गोष्ट बाहेर आली. त्याच्या मित्राला मुंबईत कुणीतरी "१९७४ ची इटालियन" दाखवलीय, नंबर दोन्हीकडे एकच आहेत, आणि मित्र शनिवारी विसार द्यायला निघालाय. मी म्हटलं, शनिवार पुढे ढकलायला सांग. आधी कंपनी कुठली ते विचार. डुकाटी म्हणाला तर दोन्ही नंबरांचे फोटो पाठव. फ्लॅश बंद ठेव, आणि टॉर्च आडवा धर.