पांढरी पाचचा भुंगा

अ‍ॅम्प्लिफायर चालू केला की गाणं लावायच्या आधीच स्पीकरमधून कुणीतरी ‘घूंऽऽ’ धरून बसलेलं असतं. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे हा सूर पेटीवर शोधला तर जवळजवळ पांढरी पाच, पार खर्जातली. फुकटचा तंबोराच म्हणायचा, पण गवई बहुधा काळी एकमध्ये गात असतो.

मग घरातली तज्ज्ञ मंडळी जमतात. कुणी स्पीकरला थाप मारतं, कुणी फ्रिज बंद करायला लावतं. त्यांना चहाला पाठवावं आणि आवाजाचं बटण शून्यावर न्यावं. घूं तसाच राहिला तर दोष अ‍ॅम्पच्या पोटात. बहुतेक फिल्टर कपॅसिटर, म्हणजे आतल्या विजेच्या लाटा सपाट करणारा भाग, वाळलेला असतो आणि तो एक सप्तक वर, 100 हर्ट्झवर गुरगुरतो. बटणाबरोबर घूं वाढला तर पाहुणा बाहेरचा. एकेक केबल उपटत जा. माझा पहिला संशय कायम सेट टॉप बॉक्सला येणाऱ्या केबलवाल्याच्या वायरवर. ती काढताच शांतता पसरली, तर चोर सापडला.

हे भांडण जमिनीचं आहे. अ‍ॅम्प आपल्या घरच्या अर्थिंगला टेकलेला, केबलवाल्याच्या वायरची जाळी (आतल्या तारेभोवतीचं धातूचं आवरण) भलतीकडेच कुठेतरी. दोन्ही जमिनींत काही मिलिव्होल्टचा फरक पुरतो, की ऑडिओ केबलच्या जाळीतून करंट वाहू लागतो. बांधावरून चाललेली ही वहिवाट मोडायला दोन उपाय आहेत. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, आणि केबलवाल्याच्या वायरीत आयसोलेटर टाका, म्हणजे सिग्नल जातो पण जाळीची जोड तुटते. तरीही घुमलं तर ऑडिओच्या वाटेत 1:1 आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, तो आवाज पुढे देतो पण वायरी एकमेकींना टेकू देत नाही.

एवढ्यात चहा पिऊन आलेला एक जण सुचवतो, “अहो, प्लगची तिसरी पिन काढून टाका!” वाईट म्हणजे याने घूं खरंच जातो. पण ती पिन बाकी दोघींपेक्षा लांब आणि जाड असते ती शोभेला नव्हे. प्लग लावताना ती सर्वांत आधी टेकते, काढताना सर्वांत शेवटी सुटते. ती उडवलीत आणि उद्या आत फेज बॉडीला लागला, तर घूं करायला तुम्हीच उरता.

खुद्द अर्थिंगच आहे का, हे मल्टिमीटर सांगतो. फेज आणि अर्थमध्ये 230च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपर्यंत चालतं. भर लोडवरही चोख शून्य दिसलं तर खूश होऊ नका, कुणीतरी सॉकेटमध्येच न्यूट्रलचा तुकडा अर्थला जोडलेला असू शकतो. तो न्यूट्रल मागे कुठे तुटला, की अ‍ॅम्पचा पत्राच फेज होतो. वायरमनची आवडती परीक्षा मात्र फेज-अर्थमध्ये 100 वॉटचा बल्ब लावण्याची. तो 430 मिलिअँपिअर ओढतो, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (अर्थमध्ये वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) तत्क्षणी पडतो, घर अंधारात जातं आणि वायरमन आरसीसीबीला खराब ठरवतो. वास्तविक त्या घरात इमानदारीने काम करणारा तो एकटाच.

अर्थ तरंगत असेल, म्हणजे जमिनीला कुठेच पोचत नसेल, तर मीटर 90, 140 असे मनाला येतील ते आकडे दाखवतो आणि अ‍ॅम्पच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात. जुन्या इमारतीत अशा वेळी हिरवी वायर धरून मोरीपर्यंत जावं. अर्थिंग पूर्वी लोखंडी नळाला दिलेलं असायचं. पुढे सोसायटीने नळ बदलून प्लॅस्टिकचे घातले. वायर तिथेच आहे, प्लॅस्टिकच्या पाइपाला क्लॅम्पने आवळलेली.

“अर्थिंग आहे की साहेब,” वायरमन क्लॅम्प हलवून दाखवतो, “बघा ना, किती घट्ट!”