मॉसवर ताक ओतणं आता बंद करा

झाडाखाली गवत धरत नाही, भिंतीच्या सावलीत फुलझाडं नुसती खंगतात, तर तिथे मॉस, म्हणजे जुन्या भिंतीवर दिसते ती हिरवी मखमल, वाढवू या असं बागकामाच्या ग्रुपवर कुणी लिहिलं की पाच मिनिटांत ताकाची ती रेसिपी येतेच. मूठभर मॉस, दोन कप ताक, चमचाभर साखर, मिक्सरमधून काढा आणि ब्रशने दगडावर फासा. कृपा करून हे करू नका. ताक आणि साखर मॉसच्या काही कामाची नाही, बुरशीच्या मात्र फार कामाची आहे. दगडावर पांढरी लव चढते, वास सुटतो, मुंग्या लागतात. काहींना जमतं, हे खरं. पण ते ताकाने जमलेलं नसतं. दगड खरबरीत होता आणि नंतर नेमाने पाणी मारलं गेलं, म्हणून जमलं. तेच साध्या पाण्यातही जमलं असतं.

मुळात आपल्या भाषेतच थोडा घोळ आहे. हौदातला तंतूंचा गुंता शेवाळ, फरशीवरचा बुळबुळीत थर शेवाळ आणि जुन्या भिंतीवरची मखमलही शेवाळच. यातलं पहिलं आणि दुसरं बहुतेक वेळा शैवल (अल्गी) असतं, तिसरं मॉस. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग धरा. इवलीशी खोडं आणि त्यांवर पानं दिसली तर मॉस. जमिनीला चिकटलेले चपटे हिरवे पट्टे असतील तर ते लिव्हरवर्ट, मॉसचंच भावंड. नुसता गिळगिळीत थर दिसला तर तिथे पाणी साचतंय. आधी उतार दुरुस्त करा, मॉसचं नंतर बघू.

मॉसला खरी मुळं नसतात. जे धागे असतात ते धरून ठेवण्यापुरते. पाणी आणि क्षार ते मुख्यतः अंगावरूनच घेतं, कारण पान बहुधा पेशीच्या एकाच थराचं असतं. बाकी सगळे नियम इथूनच निघतात. खत नको, कारण खताने मॉस नाही, तण माजतं. भुसभुशीत, कंपोस्ट घातलेली माती तर अजिबात नको. बागकामात जे जे पुण्यकर्म म्हणून शिकलो, ते इथे बरंचसं उलटं करायचं.

जागा निवडताना आपल्या परिसरात ते आधीच कुठे उगवलंय ते पाहा, आणि कशावर उगवलंय हेही पाहा. मातीवरचं मातीवर न्या, दगडावरचं दगडावर. चुन्याच्या भिंतीवरचं मॉस झाडाखालच्या आम्लधर्मी मातीत टिकेलच असं नाही. मॉसला आम्लधर्मी मातीच लागते, असं सरसकट सांगतात. बऱ्याच जातींना साधारण ५ ते ६ सामू (पीएच, म्हणजे मातीच्या आम्लतेचं माप) आवडतो, पण चुन्यावर आनंदाने राहणाऱ्या जातीही आहेत. सामू बदलायला गंधक टाकत बसण्यापेक्षा जात नीट निवडणं सोपं. लोखंडाचं सल्फेट मात्र चुकूनही नको. हिरवळीतलं मॉस मारायला तेच वापरतात.

आता जमीन. गवत आणि तण मुळासकट काढा, काटक्या-पाला झाडून घ्या, पाणी साचणार नाही इतका उतार ठेवा. मग माती पायाने किंवा फळीने चांगली दाबून घट्ट करा आणि वरचे दोन-तीन मिलिमीटर फक्त खरवडा. पाणी मारून ती ओली करा. बियाणं म्हणून तळहाताएवढं मॉस पुरे. ते हाताने चुरून चार-पाच तळहात जागेवर पसरा आणि दाबा. तुटक्या तुकड्यातून नवं रोप येतं, मिक्सरची गरज नाही. आपल्याच आवारातलं, कौलावरचं, कुंडीच्या कडेचं, खरवडून टाकायचंच होतं असं घ्या, आणि घेतानाही ठिपक्याठिपक्याने, पट्टाच्या पट्टा नको. जंगलातून पोती भरून आणू नका; तिथला थर तयार व्हायला अनेक वर्षं लागलेली असतात. परदेशी जात विकत आणणंही टाळा. दक्षिण गोलार्धातलं कॅम्पिलोपस इंट्रोफ्लेक्सस १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आज युरोपात ते पसरणारी डोकेदुखी म्हणून ओळखलं जातं.

उतारावर किंवा पक्षी उकरतात अशा ठिकाणी वरून पातळ जाळी अंथरा आणि तारेच्या आकड्यांनी खिळवा. मॉस जाळीतून वर येतं.

पाणी हा खरा गोंधळाचा भाग. पहिले दोन-तीन महिने दिवसातून एक-दोनदा बारीक फवारा, जमीन चिखल होईल इतका नाही. शक्यतो पावसाचं साठवलेलं पाणी घ्या. जड पाण्यातले क्षार पानांवर पांढरे साचतात आणि मॉस तपकिरी पडतं. पुढे वाढीचा प्रकार बघून वागा. जमिनीवर फांद्या पसरत रांगणारं मॉस लवकर भरतं, त्याला ओल आवडते. उशीसारखं ताठ, गोलसर वाढणारं मंद असतं. त्याला मधूनमधून सुकू द्यावं लागतं, सतत ओलं राहिलं तर कुजतं. उन्हाळ्यात मॉस वाळून करकरीत झालं की लोक घाबरून उपटून टाकतात. थांबा. पुष्कळ जाती अशा सुकून पडतात आणि पाणी मिळताच काही मिनिटांत पुन्हा हिरव्या होतात. मेलेलं मॉस भिजवल्यावरही तपकिरीच राहतं, हीच परीक्षा.

घाई करणाऱ्यांनी जपानमधल्या क्योतोचं साइहो-जी मंदिर आठवावं. तिथली बाग १३३९ मध्ये झेन भिक्षू मुसो सोसेकी यांनी नव्याने आखली. आज तिथे सुमारे १२० प्रकारचं मॉस आहे, पण मूळ आराखड्यात ते नव्हतंच. पुढे कित्येक शतकांनी, देखभाल सुटल्यावर, ते आपणहून पसरलं. आपल्याला एवढी वाट पाहायची नाही. पण जमीन नीट भरायला एक-दोन वर्षं धरूनच चाला.

तोवर करायचं काम म्हणजे तण काढणं. रोप दोन पानांचं असतानाच काढा. एका हाताची दोन बोटं मॉसवर दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने ओढा, नाहीतर तणासोबत मॉसची गादीच उचकटून येते. उचकटलीच तर परत दाबून पाणी मारा, बहुतेक वेळा बसते. पडलेला पाला साचू देऊ नका, खाली उजेड बंद होतो आणि मॉस पिवळं पडतं. त्यासाठी लोखंडी दाताळं नको, मऊ केरसुणी घ्या, आणि मॉस ओलं नसताना, हलक्या हाताने, एकाच दिशेने झाडा.