लापाकाहीचे दगड: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. लापाकाही म्हणजे हवाई बेटावरचे एका ओस पडलेल्या जुन्या कोळीगावाचे अवशेष. त्यावरचा माझा लेख वाचून तुम्ही सासूबाईंना घेऊन तिथे गेलात. भर दुपारच्या उन्हात अर्ध्या वाटेवरून परत फिरलात, त्यांच्या पायात काटा मोडला, टेकायला म्हणून भिंतीवर बसलात तर तिथल्या माणसाने उठवलं. शेवटी तुम्ही लिहिलंय, 'सोपी वाट म्हणता आणि दाखवता काय, तर दगडांचे ढीग. यापेक्षा आमच्या गावचे गडगे बरे.'

वाटेबद्दलची तक्रार अगदी खरी आहे आणि चूक माझी आहे. फेरी जेमतेम मैलभराची, चढ नावापुरता, म्हणून मी 'सोपी' लिहून मोकळी झाले. पायाखाली सुटे दगड आहेत, सावली तुरळक आहे, प्यायचं पाणी मिळत नाही, हे लिहायला हवं होतं. काटा बहुतेक कियावेचा असणार. आपल्याकडच्या वेड्या बाभळीचं हे भावंड १८२८ साली हवाईत आलं आणि कोरड्या किनाऱ्यांवर माजलं. त्याचा काटा साध्या चपलेतून सरळ आरपार जातो. बूट, टोपी, पाणी आणि सकाळची वेळ, हे सगळं आता लेखाच्या सुरुवातीलाच घातलंय. तुमच्या सासूबाईंची मनापासून माफी मागते.

दगडांच्या ढिगांबद्दल मात्र मला बोलू द्या.

'गडगे' हा शब्द तुम्ही अगदी नेमका वापरलात. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड बसवत नेलेली भिंत. लापाकाहीतलं कोआइए नावाचं हे कोळ्यांचं गाव सुमारे ६०० वर्षांपूर्वी वसलं, ते बेटाच्या कोरड्या कुशीत, कोहाला डोंगराच्या पर्जन्यछायेत. इथला वारा इतका नावाजलेला की त्याला स्वतःचं नाव आहे, आपाआपाआ. तुम्ही पाहिलेल्या कित्येक भिंती या वाऱ्याला अडवायला रचलेल्या आहेत. त्यांच्या आडोशाला लाकडी सांगाडा आणि गवताने शाकारलेलं छप्पर असायचं. छप्पर गेलं, सांगाडा गेला, जोती राहिली. म्हणून आज नुसते दगड दिसतात.

गावात थडगीही आहेत, आणि त्या माणसांचे वंशज आजही हवाईत राहतात. शिवाय कोरड्या रचाईतला एक दगड सरकला की त्याच्यावरचे चार ढिले होतात. त्या माणसाने तुम्हाला उठवलं ते यासाठी. त्याने ते नीट समजावून सांगायला हवं होतं, हे मात्र मान्य.

मी स्वतः पहिल्या वेळी अर्ध्या तासात बाहेर पडले होते आणि तुमच्यासारखीच हिरमुसले होते. दुसऱ्या वेळी एका दगडापाशी थांबले. गुडघ्याएवढा काळा दगड, माथ्यावर कोरलेला उथळ खळगा, आपल्या परातीसारखा. यात समुद्राचं पाणी ओतून उन्हात सोडायचं, की तळाशी मीठ उरतं. एका दगडाएवढं मिठागर! खळग्याची कड बोटांनी घासल्यासारखी गुळगुळीत दिसत होती. तिथे उभी असताना मला पहिल्यांदा प्रश्न पडला की एवढं मीठ यांना कशाला लागत असेल.

उत्तर डोंगराकडे आहे. हवाईत दिशा सांगतात त्या 'माउका' आणि 'माकाई' अशा, म्हणजे डोंगराकडे आणि समुद्राकडे. जमिनीची वाटणीही तशीच, डोंगरापासून खाली समुद्रापर्यंत उतरणारा पट्टा. वर पाऊस पडतो, तिथे रताळी आणि अळू. खाली पाऊस नाही, तिथे मासळी आणि मीठ. खारवलेली मासळी वर जायची, रताळी खाली यायची. कोहालाच्या उतारावर शेतांचे बांध आजही मैलोन् मैल पसरलेले आहेत. खालचं गाव एकट्याने जगूच शकलं नसतं. तुम्ही पाहिलंत ते अर्धं घर, ताई. उरलेलं अर्धं तुमच्या पाठीमागे चढावर होतं.

या पट्ट्याला 'आहुपुआआ' म्हणतात. 'आहु' म्हणजे दगडांची रास आणि 'पुआआ' म्हणजे डुक्कर. पट्ट्याच्या सीमेवर दगडांची रास रचून त्यावर डुकराची प्रतिमा किंवा नैवेद्य ठेवत, त्यावरून हे नाव पडलं. म्हणजे ज्या व्यवस्थेवर सगळं गाव पोसलं गेलं, तिचं नावच दगडांच्या ढिगावरून आहे.

कोळ्यांची शिस्तही सांगण्यासारखी. ओपेलू हा बांगड्यासारखा मासा आणि आकू म्हणजे ट्यूना. जुन्या हवाईत सहा महिने एक बंद, सहा महिने दुसरा. ओपेलूची बंदी असेपर्यंत त्याला ठरलेल्या जागी चारा घालून माणसाळवत, आणि हंगाम उघडला की जाळं टाकत. आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ देतात. त्या वळणाची माणसं होती ही.

गाव ओस पडलं एकोणिसाव्या शतकात. गोडं पाणी आटत गेलं आणि लोक हळूहळू निघून गेले.

गावचे गडगे बरे म्हणालात, त्यावर माझा काही वाद नाही. माझ्या आजोळी असा गडगा होता. तो कुणी रचला हे मी आजोबांना कधी विचारलं नाही, आणि आता तिथे कंपाऊंडची भिंत आहे. लापाकाहीत मला सारखा तोच आठवत होता. लेखात हे लिहिलं असतं तर कदाचित तुम्हाला ती जागा वेगळी दिसली असती.

सासूबाईंचा पाय आता कसा आहे? कियावेचा काटा आत मोडून राहिला तर पिकतो. अजून दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि मला कळवा.