पोहता न येणारे कासव

माझे कासव मेले असल्याचे शेजारच्या काकांनी काल संध्याकाळी माझ्याच बैठकीत बसून जाहीर केले आणि आज सकाळी जिन्यात भेटलेल्या दोघांनी माझे सांत्वन केले. त्यामुळे हे लिहिणे भाग आहे.

माझ्याकडे माटामाटा आहे. दक्षिण अमेरिकेतील नद्यांमध्ये राहणारे हे कासव कुजलेल्या पानांच्या ढिगासारखे दिसते आणि तसे दिसण्यावरच त्याचा उदरनिर्वाह चालतो. (शास्त्रज्ञांनी 1783 मध्ये त्याला नाव दिले, पण ॲमेझॉनचे आणि ओरिनोकोचे माटामाटा या दोन वेगळ्या जाती आहेत हे कळायला 2020 साल उजाडले. काकांना मात्र पाच मिनिटे पुरली.)

"पाणी कधीपासून बदलले नाही?" त्यांनी विचारले. पाने आणि लाकूड यांतील टॅनिनमुळे पाणी तपकिरी होते आणि असे किंचित आम्लधर्मी पाणीच त्याला मानवते, हे मी समजावून सांगितले. तेव्हा आळशी माणसाला शास्त्र किती उपयोगी पडते, अशा अर्थाने त्यांनी मान डोलावली.

"आणि टाकी अर्धीच भरलेली?"

"त्याला नीट पोहता येत नाही, काका. ते तळावर चालते आणि मान लांबवून नळीसारखे नाक तेवढे पाण्याबाहेर काढते."

काकांनी ही बातमी तत्काळ फोनवरून काकूंना कळवली. मग त्यांनी काचेवर टिचक्या मारल्या. मी तीनदा नको म्हणालो; पण काचेमागे जीव दिसला की भल्याभल्यांची बोटे आवरत नाहीत.

"निदान मान तरी आत घेते का?"

"नाही. ती कवचाखाली आडवी दुमडते."

"म्हणजे पोहत नाही, मान आत घेत नाही, हलत नाही. मग कासव म्हणून ते करते तरी काय?"

मला खरोखर राग आला, कारण पुढे 45 सेंटिमीटर लांब आणि 15 किलो वजनाच्या होऊ शकणाऱ्या या प्राण्यासाठी निम्मी बैठक देऊन बसलेल्या मी हाच प्रश्न स्वतःला अनेकदा विचारला आहे.

शेवटी मी टाकीत एक मासा सोडला. वीस मिनिटे काहीच झाले नाही. काकांनी पुसण्यासाठी चष्मा काढला आणि नेमके त्याच क्षणी कासवाने तोंड उघडले, गळा फुगवला आणि पाण्यासकट मासा आत ओढला. चावणे त्याला जमत नसल्यामुळे पुरावा असा काही उरत नाही.

"मासा कुठे गेला?"

"खाल्ला."

"कोणी?"

मासा उडी मारून बाहेर पडला असावा, या त्यांच्या निष्कर्षानुसार आम्ही टॉर्च घेऊन सोफ्याखाली पाहिले. मासा मिळाला नाही, धूळ मिळाली, आणि तिचाही त्यांनी उल्लेख केला. तोवर टाकीत कासव तोंडातले पाणी संथपणे बाहेर सोडत होते. तिकडे मात्र कोणी पाहिले नाही.

"वाईट वाटून घेऊ नका," आज जिन्यात मला सांगण्यात आले. "आता आणाल तेव्हा पोहणारे आणा."